मधल्याच महिन्यात जॉइन झालात? टॅक्सचं वर्ष मात्र एप्रिललाच सुरू झालंय

माझा मावसभाऊ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्या नोकरीला लागला. महिन्याचा ग्रॉस १ लाख १० हजार, हिंजवडीत ऑफिस, वाकडला तिघांत मिळून फ्लॅट, सगळं मस्त. ३० एप्रिलला रात्री फोन. "ताई, यांनी माझा पगार कमी केला गं, इन्क्रिमेंट राहिलं बाजूला, ३,९०० रुपये कमी आलेत." मी म्हटलं पे स्लिप पाठव. डिडक्शनच्या रकान्यात पीएफ आणि पीटीच्या (प्रोफेशनल टॅक्स) खाली एक नवीन ओळ होती, टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, ३,९००. मार्चपर्यंत ती ओळच नव्हती.

मी गेली बरीच वर्षं पेरोलमध्ये आहे, म्हणजे पगार बनवणाऱ्या लोकांपैकी, त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी एप्रिल-मेमध्ये किमान दहा जण विचारतात आणि जुलैमध्ये त्याहून मोठा प्रश्न विचारतात, "ताई, रिटर्न भरायला बसलो तर लाखभर भरा म्हणतंय, काहीतरी चुकलंय ना?" चुकलेलं नसतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते, पहिली नोकरी मध्येच लागलेले आणि वर्षाच्या मध्ये कंपनी बदललेले, दोघांसाठी.

खालचे आकडे (भावाचं पहिलं वर्ष सोडून) २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स ॲक्ट, २०२५ लागू झालाय, त्यात आर्थिक वर्ष आणि असेसमेंट इयर हा डोकं फिरवणारा घोळ काढून सरळ 'टॅक्स इयर' म्हणायला लागलेत आणि कलमांचे नंबरही बदललेत. तेव्हा पोर्टलवर फॉर्मचे नंबर वेगळे दिसले तर घाबरू नका, गणिताची पद्धत तीच आहे.

पायरी १: स्लॅब पूर्ण वर्षाचा असतो, हे डोक्यात फिट करा

लोकांना वाटतं की आपण सहाच महिने काम केलं म्हणजे स्लॅबपण (किती उत्पन्नावर किती टक्के टॅक्स, ते टप्पे) अर्धे होणार. तसं काही नसतं. तुम्ही ऑक्टोबरला लागा नाहीतर फेब्रुवारीला, ४ लाखांपर्यंत शून्य म्हणजे पूर्ण ४ लाखांपर्यंत शून्य. स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारे, ७५ हजारपण पूर्ण मिळतात, महिन्यांच्या हिशोबाने कापून नाही.

टॅक्स काढायच्या दोन पद्धती आहेत, जुनी रिजिम आणि नवीन रिजिम. नवीन रिजिमचे स्लॅब असे: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्याच्या वर ३०. जो टॅक्स येईल त्यावर आणखी ४ टक्के सेस. आणि डिडक्शन वजा करून उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा रिबेट (टॅक्समध्येच सूट) मिळून टॅक्स शून्य होतो, म्हणून नोकरदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही असं सगळीकडे म्हणतात.

आता भावाचं बघा. ऑक्टोबर ते मार्च ६ महिने, ६ लाख ६० हजार. त्यातून ७५ हजार गेले, उरले ५ लाख ८५ हजार. त्या वर्षी रिबेटची मर्यादा ७ लाखच होती तरी तो आतच होता, टॅक्स शून्य. एप्रिलपासून तोच पगार बारा महिन्यांचा धरला की १३ लाख २० हजार, वजा ७५ हजार, १२ लाख ४५ हजार. रिबेटची रेषा ओलांडली. स्लॅबने टॅक्स येतो ६६,७५०, पण १२ लाखांच्या जरासं वर गेलेल्यांना मार्जिनल रिलीफ असतो, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढे कमावले त्याच्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत, तर त्याचा टॅक्स ४५ हजारांवर थांबला, सेस धरून ४६,८००. भागिले १२, ३,९००. पगार कमी झालाच नव्हता, आधीचे सहा महिने त्याला अर्ध्या वर्षाच्या कमाईवर पूर्ण वर्षाची सूट मिळत होती.

म्हणून नवीन लागलेल्यांना माझं सांगणं असतं की पहिल्या मार्चपर्यंत जो इन हँड येतो त्यावर बाइकचा ईएमआय ठरवू नका. ऑफर लेटर घेऊन बसा, बारा महिन्यांचं गणित करा, मग ठरवा. आणि गणित सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) करू नका हो, सीटीसीमध्ये कंपनीच्या हिश्शाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्सचा प्रीमियम असं बरंच काही घुसडलेलं असतं, त्यातलं बहुतेक टॅक्सेबल ग्रॉसमध्ये येतच नाही.

पायरी २: जॉइन होताना पेरोलला काय काय द्यायचं

पॅन. पॅन दिला नाही तर कंपनीला २० टक्क्यांनी कापावं लागतं, आमच्या हातात काही नसतं. पॅन आधारला लिंक आहे का तेही बघून ठेवा, फ्रेशर मुलांचं हे बऱ्याचदा राहिलेलं असतं.

मग रिजिम. काही सांगितलं नाही तर नवीन रिजिमच धरतात, २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे. जुनी घ्यायची असेल तर सांगावं लागतं, आणि मग इन्व्हेस्टमेंट डिक्लेरेशन, एचआरए (घरभाड्याची सूट), ८०सी (गुंतवणुकीची वजावट) वगैरे. खरं सांगू का, १२-१३ लाखांच्या आतल्या पगाराला जुनी रिजिम परवडणारे लोक मला आता फार दिसत नाहीत. मोठं होम लोन किंवा मुंबईतलं तगडं भाडं असेल तरच बसून तुलना करा. कंपनीला एक सांगितलं आणि रिटर्न भरताना दुसरी फायद्याची वाटली तर बदलता येते, फक्त धंद्याचं उत्पन्न नसलं पाहिजे आणि रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. मुदत गेली की जुन्या रिजिमचं दार बंद.

पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, तो महाराष्ट्र सरकारचा, इन्कम टॅक्सशी गल्लत करू नका. १० हजारांच्या वर पगार असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बायकांना २५ हजारांपर्यंतच्या पगाराला माफ आहे. फेब्रुवारीत शंभर जास्त का कापले म्हणून मेल येतात आम्हाला, तर म्हणून.

पायरी ३: कंपनी बदलली असेल तर जुन्या पगाराचा कागद नवीनला द्या

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच सगळे आपटतात. मीसुद्धा आपटले आहे. माझ्या पहिल्या स्विचच्या वेळी (तेव्हाचे स्लॅब वेगळे होते) जॉइनिंग किटमध्ये एक पान होतं, 'मागील नोकरीचे उत्पन्न', मी त्यावर 'लागू नाही' लिहून सही ठोकून दिली कारण जुन्या कंपनीचे कागद तेव्हा हातात नव्हते आणि मला लवकर आयडी कार्ड पाहिजे होतं. जुलैमध्ये रिटर्न भरायला बसले तर ४० हजारांच्या आसपास निघाले. एफडी मोडली. आणि आता मी तेच पान लोकांकडून भरून घेते.

त्याचं कारण समजून घ्या. दोन्ही कंपन्या एकमेकींशी बोलत नाहीत. पहिल्या कंपनीने तुम्हाला ४ लाखांची सूट, ७५ हजार आणि रिबेट धरून टॅक्स काढला. दुसरीला पहिलीचं काहीच माहीत नाही, तिने परत तेच सगळं पहिल्यापासून धरलं. एकाच माणसाला एकाच वर्षात दोनदा सूट. सरकार ती एकदाच देतं, दुसरी रिटर्नच्या वेळी परत घेतं.

आकडा घालून बघू. एप्रिल ते सप्टेंबर १ लाख महिना, ६ लाख. ऑक्टोबर ते मार्च दीड लाख महिना, ९ लाख. पहिल्या कंपनीने एप्रिलमध्ये वर्षाचे १२ लाख धरले, ७५ हजार गेले, सव्वाअकरा उरले, रिबेटमध्ये, टीडीएस शून्य. दुसरीने स्वतःचे ९ लाख धरले, सव्वाआठ उरले, टीडीएस शून्य. तुम्ही खूश, स्विग्गी रोज. जुलैमध्ये बेरीज होते १५ लाख, वजा ७५ हजार, १४ लाख २५ हजार. टॅक्स २० हजार अधिक ४० हजार अधिक ३३,७५०, एकूण ९३,७५०, सेस लावून ९७,५००. हे एकदम भरायचे. वर व्याज, कारण वर्षभरात ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्याने भरायचा टॅक्स) भरायला पाहिजे होता तो भरला नाही, दोन कलमांखाली दर महिना १ टक्का असं लागतं आणि ३१ जुलैपर्यंत भरलं तरी साधारण ८-९ हजार होतात.

हेच ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर नवीन कंपनीने ९७,५०० सहा महिन्यांत विभागून महिन्याला १६,२५० कापले असते, आणि व्याज शून्य. दुखतं तेवढंच, पण हप्त्याने.

तर फॉर्म १२बी, म्हणजे मागच्या नोकरीच्या उत्पन्नाचा फॉर्म, भरायचा. त्यात जुन्या कंपनीचं नाव, पॅन, टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर), किती महिने काम केलं, पगार किती मिळाला, पीएफ किती गेला, टीडीएस किती कापला. फॉर्म १६ तोपर्यंत आलेला नसतो (तो म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि टीडीएसचा दाखला, वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत मिळतो), म्हणून वाट बघत बसू नका, शेवटची पे स्लिप, त्यावरचे वर्षभराच्या बेरजेचे आकडे आणि फुल अँड फायनलचा (सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाचा) कागद यावरून भरता येतं. टॅन पे स्लिपवर नसेल तर जुन्या एचआरला विचारा, किंवा टीडीएस कापला असेल तर २६एएस मध्ये (पोर्टलवरचा तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता) दिसतो.

नवीन कंपनीला जुना पगार कळेल ही भीती बऱ्याच जणांना असते, विशेषतः ज्यांनी इंटरव्ह्यूमध्ये जरा वाढवून सांगितलेलं असतं. त्यात मी पडत नाही. कायद्याने तुम्ही १२बी द्यायलाच पाहिजे असं नाही, पण मग टॅक्सचं काम तुमचं तुम्ही करायचं, म्हणजे एकूण बेरीज करून उरलेला टॅक्स १० हजार किंवा त्याहून जास्त येत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा. १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-पे टॅक्स मध्ये जाऊन ॲडव्हान्स टॅक्स निवडायचं, नेट बँकिंगने दहा मिनिटांचं काम आहे. १५ मार्च चुकली तरी ३१ मार्चच्या आत भरलंत तर तो ॲडव्हान्स टॅक्सच धरतात, पुढच्या महिन्यांचं व्याज वाचतं.

जानेवारीत कोणीतरी येऊन म्हणतं, अरे मी ते दिलंच नव्हतं, आता देऊ का. द्या. पण मग वर्षाचा सगळा टॅक्स जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीनच पगारांतून जातो, आणि मग आमच्या डेस्कपाशी उभं राहून मोबाइलवर पे स्लिप दाखवत "मॅडम एवढा कसा" होतं. वरच्या उदाहरणात ते महिन्याला ३२,५०० होतील, बघा.

पायरी ४: सोडताना हातात आलेले इतर पैसे

फुल अँड फायनलमध्ये काय काय येतं ते वेगवेगळं बघायचं. लीव्ह एन्कॅशमेंट (न घेतलेल्या रजेचे पैसे) नोकरी सोडताना मिळालं तर खासगी नोकरीत आयुष्यभरात मिळून २५ लाखांच्या मर्यादेपर्यंत नियमात बसेल तेवढं माफ आहे, नवीन रिजिममध्येही, फक्त बऱ्याच कंपन्या ते टॅक्सेबल म्हणून दाखवतात, तेव्हा फॉर्म १६ आला की बघा. जॉइनिंग बोनस हा सरळ सरळ पगार, आला त्या महिन्यात टीडीएस फुगलेला दिसेल. नोटीस पिरियड न करता निघालात आणि नवीन कंपनीने बाय-आउटचे (न केलेल्या नोटिशीच्या बदल्यात जुन्या कंपनीला द्यायचे) पैसे भरून दिले तर तेही तुमच्या पगारातच धरतात, फुकट मिळाले असं समजू नका.

पीएफ मात्र काढू नका. काढायची सगळ्यांना घाई असते. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर तो टॅक्सेबल होतो, रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के तिथेच कापून घेतात, आणि तो पैसा त्या वर्षाच्या उत्पन्नात धरला गेला की कदाचित रिबेटची रेषाच ओलांडता. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच नवीन कंपनीला द्या, ट्रान्सफर करा, मागची वर्षं पाचात मोजली जातात.

पायरी ५: उलटी केस, म्हणजे मध्येच नोकरी सोडली आणि गॅप घेतला

हे सांगायचं कारण, यात पैसे परत येतात आणि लोक ते मागतच नाहीत. समजा २ लाख महिना होता, सप्टेंबर अखेर नोकरी सोडली, बाळंतपण असेल, एमपीएससी असेल, गावाकडे द्राक्षबाग बघायची असेल. कंपनीने एप्रिलपासून वर्षाचे २४ लाख धरून टॅक्स काढला, २ लाख ९२ हजार ५००, महिन्याला २४,३७५, सहा महिन्यांत कापले १,४६,२५०. प्रत्यक्षात वर्षाची कमाई झाली १२ लाख, वजा ७५ हजार, सव्वाअकरा, दुसरं काही उत्पन्न नसेल तर टॅक्स शून्य. ते १,४६,२५० सगळेच्या सगळे तुमचे आहेत. पण रिटर्न भरल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही. वेळेत भरलं तर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजपण मिळतं (त्या व्याजावर परत टॅक्स, असो).

आणि गॅपनंतर फेब्रुवारीत परत नोकरी धरली असेल तर १२बी मध्ये हा कापलेला टीडीएस लिहा, म्हणजे नवीन कंपनी तो वजा धरून फार थोडा कापेल किंवा कापणारच नाही.

पायरी ६: नोकरीच्या आधीची कमाई

कॉलेज संपल्यापासून जॉइन होईपर्यंत फ्रीलान्सिंग केलं, इंटर्नशिपचा स्टायपेंड आला, आजोबांनी नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याज आलं, हे सगळं त्याच वर्षात येतं. काही कंपन्या स्टायपेंडवर प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के कापतात, तो टीडीएस तुमच्या एआयएस मध्ये (पोर्टलवरचं तुमच्या उत्पन्नाचं वर्षाचं पत्रक) दिसेल, तो सोडू नका. आणि होस्टेलवर बसून ज्यांनी ऑप्शन ट्रेडिंग केलं त्यांना नमस्कार. तोटा झाला असला तरी ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ लागतो, त्यासाठी सरळ सीए गाठा. शेअर विकून आलेल्या नफ्यावर जो वेगळ्या दराने टॅक्स लागतो त्याला १२ लाखांचा रिबेट मिळत नाही, हेही बऱ्याच जणांना जुलैतच कळतं.

पायरी ७: रिटर्न

टॅक्स शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावं लागतं. भावाला हे पटतच नव्हतं, टॅक्सच नाही तर कशाला भरू. त्याच्या वर्षी तर मर्यादा ३ लाखच होती आणि पगार ६ लाख ६० हजार, भरावंच लागलं.

दोन कंपन्या असतील तर दोन फॉर्म १६. जुन्या कंपनीकडून मागून घ्या, त्यांचं पोर्टल लॉगिन तुम्ही निघाल्यावर बंद होतं म्हणून शेवटच्या दिवशी पर्सनल मेल आयडी नोंदवून या आणि सगळ्या पे स्लिप डाउनलोड करून घ्या, हे एक काम केलंत तरी निम्मा त्रास वाचतो. कंपनीने टीडीएस कापलाच नसेल तर फॉर्म १६ देण्याचं बंधन तिच्यावर नाही, मग पे स्लिपवरूनच बेरीज.

जूनच्या मध्यानंतर बसा, त्याआधी २६एएस आणि एआयएस पूर्ण भरलेले नसतात. दोन्ही फॉर्म १६ मधला ग्रॉस पगार वेगवेगळ्या एम्प्लॉयरखाली भरा, आणि स्टँडर्ड डिडक्शन एकदाच, एकूण ७५ हजार. दोन्ही फॉर्म १६ वर ७५-७५ वजा करून दाखवलेले असतात, ते नेट आकडे उचलून बेरीज करायची नाही, हीच चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. मग टीडीएस २६एएस शी जुळवा. बाकी निघाली तर ई-पे टॅक्स मध्ये या वेळी सेल्फ असेसमेंट टॅक्स निवडून आधी भरा, चलनाचा नंबर टाका, मग सबमिट.

साध्या पगारदाराची मुदत ३१ जुलै. गेली तर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फीने भरता येतं, ५ हजार, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार. सबमिट केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलेलं रिटर्न धरतच नाहीत. आणि रिफंड येणार असेल तर बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं आहे ना तेवढं बघा, भावाने दिलेलं खातं कॉलेजमधलं होतं, केवायसीअभावी बंद पडलेलं.